विश्लेषण : बागेतल्या पामच्या विक्रीवर स्वित्झर्लंडने बंदी का घातली? शहरातील छोट्या बागांशी त्याचा संबंध काय?

गॅलरीच्या कोपऱ्यात अरेका, सोसायटीच्या फाटकाशी बॉटल पाम आणि बंगल्याच्या टीचभर अंगणात नर्सरीवाल्याने ‘हा कुणाकडेच नाही’ असे सांगून दिलेला एखादा परदेशी पाम. मुंबई-पुण्यापासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. चारचौघांपेक्षा वेगळा पाम लावण्याची हौस युरोपात त्याहून जुनी आहे. त्याच युरोपातील स्वित्झर्लंडने १ सप्टेंबर २०२४ पासून बागांमध्ये दीडशेहून अधिक वर्षे लाडाने वाढवलेल्या एका पामची विक्री थांबवली. एका शोभेच्या झाडासाठी सरकारला नियम का करावा लागला आणि आपल्याकडच्या हौशी बागकामाने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

बंदी नेमकी कशावर आहे?

स्वित्झर्लंडच्या संघीय सरकारने मार्च २०२४ मध्ये काही आक्रमक परदेशी वनस्पतींबाबतच्या नियमात बदल केला. त्यानुसार या यादीतील झाडे विकता येत नाहीत, कुणाला भेट म्हणून देता येत नाहीत आणि विक्रीसाठी आयातही करता येत नाहीत. यादीत कुंपणासाठी लावली जाणारी चेरी लॉरेल आहे, फुलपाखरांसाठी लावले जाणारे बडलेया आहे आणि ‘ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय’ हा पामही आहे. इंग्रजीत त्याला विंडमिल पाम किंवा चुसान पाम म्हणतात. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील, इटालियन भाषा बोलणाऱ्या तिचिनो प्रांतात तो इतका रुळला आहे, की उत्तरेकडचे लोक त्याला तिचिनोचाच पाम म्हणून ओळखतात. लुगानो आणि लोकार्नो येथील सरोवरांच्या काठची पामची रांग पर्यटकांच्या पोस्टकार्डांवर हमखास असते.

मात्र, ज्यांच्या बागेत हे झाड आधीपासून आहे त्यांना ते तोडण्याची सक्ती नाही. ते झाड बागेबाहेर पसरणार नाही याची काळजी घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे सरकारचा आक्षेप अंगणातल्या झाडावर नाही, ते कुंपण ओलांडते यावर आहे.

हा पाम युरोपात पोहोचला कसा?

मूळचा हा चीनच्या डोंगराळ भागातला. तिथे त्याच्या खोडावरच्या काथ्यासारख्या तंतूंपासून दोर, झाडू आणि पावसाळी इरली करत. जर्मन वैद्य व वनस्पतिअभ्यासक फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड यांनी १८३० मध्ये जपानमधून त्याच्या बिया नेदरलँड्समधील लायडनला पाठवल्या. पुढे १८४९ मध्ये स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनच्या चुसान बेटावरून रोपे इंग्लंडला धाडली. झाडाच्या शास्त्रीय नावात आज त्यांचेच नाव आहे. भारतीयांना हे फॉर्च्युन दुसऱ्या कारणाने माहीत असायला हवेत. चीनमधून चहाची रोपे, बिया आणि चहा करणारे कारागीर गुपचूप बाहेर काढून ईस्ट इंडिया कंपनीसाठी हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवण्याच्या मोहिमेवर हेच गृहस्थ होते. चहा मळ्यात गेला आणि पाम बंगल्यांच्या बागेत.

या पामची खुबी म्हणजे थंडी सोसण्याची ताकद. बहुतेक पाम हिमवर्षावात कुजून मरतात. हा मात्र शून्याखाली दहा अंशांच्याही खालचे तापमान काही काळ सहन करतो. त्यामुळे लंडनपासून झुरिचपर्यंत ज्याला ज्याला अंगणात ‘उष्ण प्रदेश’ उभा करायचा होता, त्याने हे झाड लावले. खोड सरळसोट, घेर लहान, जागा कमी लागते, म्हणून शहरातील छोट्या बागांमध्ये त्याची चलती झाली.

बागेतून तो जंगलात कसा शिरला?

बागेत असताना कित्येक दशके त्याने कुणाला त्रास दिला नाही. फुले येत, फळे धरत, पण खाली पडलेल्या बियांतून उगवलेली कोवळी रोपे हिवाळ्यातील कडाक्याने मरून जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्प्सच्या दक्षिण उतारावरील हिवाळे सौम्य झाले, दंव पडण्याचे दिवस घटले आणि रोपे जगू लागली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी या पामच्या प्रसाराची सांगड थेट वाढत्या हिवाळी तापमानाशी घातली. हवामानबदलाची ही खूण तापमापकाऐवजी झाडाने दाखवली.

पसरवण्याचे काम पक्ष्यांनी केले. या जातीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. एकेका मादी झाडाला दरवर्षी हजारो निळसर-काळी फळे लागतात. पक्षी ती खातात आणि जवळच्या जंगलात बिया टाकतात. तिथली चेस्टनट, ओक यांसारखी झाडे हिवाळ्यात निष्पर्ण होतात. सदाहरित पामला नेमका तेव्हाच भरपूर उजेड मिळतो आणि तो वाढत राहतो. काही ठिकाणी तर जंगलाच्या तळाशी पामच्या रोपांचा गालिचाच तयार झाला आहे. त्याच्या दाट सावलीत मूळच्या झाडांची रोपे उगवेनाशी होतात.

चार झाडे वाढली तर बिघडते कुठे?

तिचिनो हा तीव्र उतारांचा प्रदेश. तिथले जंगल हे डोंगरावरून सुटणारे दगड, घसरणारी माती आणि पाण्याचे लोंढे अडवणारे गावांचे कवच असते. स्वित्झर्लंडमध्ये अशा जंगलांना ‘संरक्षक जंगल’ असे नाव आहे आणि त्यांची निगा सरकारी खर्चाने राखली जाते. स्विस संघीय वन, हिम आणि भूदृश्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या पामचा त्या दृष्टीने अभ्यास केला आहे. पामची मुळे म्हणजे तंतुमय मुळांचा झुपका. ओक किंवा चेस्टनटची जाड, फांद्या फुटलेली मुळे उतारावरची माती जशी बांधून ठेवतात, तशी ती धरत नाहीत. खोडाला लटकलेली वाळकी पाने वणव्याला खाद्य पुरवतात. आणि वणवा निघून गेल्यावर पाम स्वतः पुन्हा पालवतो, शेजारची झाडे मात्र मरतात.

थोडक्यात, बागेत सुंदर दिसणारे झाड डोंगरउतारावर उभे राहिले की गावाची सुरक्षा कमी होते. पावसाळ्यात दरडींच्या धास्तीने रात्र काढणाऱ्या सह्याद्रीतील गावांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

हे फक्त थंड देशातच घडते का?

नाही. ब्राझीलमधील साओ पावलो शहरात ऑस्ट्रेलियातून आणलेला किंग पाम शोभेसाठी मोठ्या प्रमाणावर लावला गेला. त्याची लाल फळे पक्ष्यांना आवडली आणि शहरातील राखीव जंगलाच्या तुकड्यांमध्ये तो पसरला. ब्राझीलचा स्वतःचा ‘जुसारा’ पाम कोवळ्या गाभ्याच्या भाजीसाठी तोडला जाऊन दुर्मीळ होत असताना त्याच जंगलात परका पाम फोफावला. हवाई बेटांवर याच गोतावळ्यातील अलेक्झांड्रा पामने ओलसर जंगलात बस्तान बसवले आहे.

तिन्ही ठिकाणचा क्रम एकच आहे. आधी शोभेसाठी लागवड, मग स्थानिक हवामानाशी जुळवणूक, मग पक्ष्यांच्या पोटातून प्रवास. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात कित्येक दशकांचे अंतर असू शकते. त्यामुळे ‘आमच्याकडे वीस वर्षे आहे, काही झाले नाही’ हा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही. तिचिनोचा पाम मुंबई-पुण्याच्या उकाड्यात मुळात रमत नाही. त्याची भीती इथे नाही. पण जे पाम इथल्या हवेत रमतात आणि भरभरून फळतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवण्याचे कारण मात्र आहे.

पामबरोबर आणखी काय प्रवास करते?

कोकणात नारळाची बाग असलेल्या प्रत्येकाला सोंड्या भुंगा माहीत असतो. लालसर-तपकिरी रंगाचा, पुढे सोंड असलेला हा किडा दक्षिण आणि आग्नेय आशियातला. मादी खोडावरच्या जखमेत अंडी घालते, अळ्या आतला मऊ गाभा पोखरतात आणि बाहेरून हिरवेगार दिसणारे झाड एक दिवस शेंड्यातून कोलमडते. आपल्याकडे ही नारळाची जुनी डोकेदुखी आहे.

हाच सोंड्या १९८०च्या दशकात आखाती देशांतील खजुराच्या बागांत पोहोचला. १९९०च्या दशकात तो इजिप्त आणि स्पेनमध्ये सापडला. इतकी मजल मारण्याचे कारण त्याच्या पंखांत नव्हते. रिसॉर्ट, गोल्फ मैदाने आणि नव्या वसाहतींसाठी मोठे वाढलेले शोभेचे पाम मुळांसकट उपटून एका देशातून दुसऱ्या देशात नेले जात होते आणि त्यांच्या खोडात अळ्या दडलेल्या होत्या. पुढच्या काळात स्पेन, इटली आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरील शहरांतल्या कॅनरी खजुरांचा त्याने फडशा पाडला. पिढ्यान्‌पिढ्या चौकाची ओळख असलेली झाडे मुंडकी छाटल्यासारखी उभी राहिली.

युरोपीय संघाने २००७ मध्ये पामच्या वाहतुकीवर तातडीचे निर्बंध घातले. कीड इतकी पसरली होती की तिला थोपवण्यासाठी केलेले हे निर्बंध २०१८ मध्ये मागे घ्यावे लागले. त्याआधी मार्च २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या एका किड्यासाठी रोममध्ये आंतरराष्ट्रीय बैठक घेतली होती. ज्यांची रोजीरोटी खजुरावर आहे, अशा पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील शेतकऱ्यांसाठी हा शोभेचा प्रश्न नव्हता.

कोकणातही हा धोका उलट दिशेने विचारात घ्यावा लागतो. परदेशातून वा परराज्यातून आणलेला मोठा पाम लावणाऱ्याच्या अंगणापलीकडे कुणाची तरी नारळ-सुपारीची बाग असते.

‘दुर्मीळ’ रोपे येतात तरी कुठून?

आज नवी मुंबई, ठाणे, पुणे इथल्या गृहसंकुलांच्या प्रवेशद्वाराशी हमखास दिसणारा फॉक्सटेल पाम हे याचे बोलके उदाहरण. कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार पाने असलेला हा पाम निसर्गात जगात एकाच ठिकाणी आढळतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला, केप मेलव्हिल परिसरातील दगडांच्या राशींमध्ये. शास्त्राला त्याची औपचारिक ओळख १९८३ मध्ये झाली. त्याच्या ‘वोडयेटिया’ या शास्त्रीय नावात तिथल्या एका आदिवासी जाणकाराचे नाव जपलेले आहे. झाडाचे फोटो जगभरच्या पामप्रेमींपर्यंत पोहोचले आणि बियांना सोन्याचा भाव आला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यानातून बिया चोरण्याचे प्रकार एवढे वाढले, की क्वीन्सलँडच्या राजकारणात त्यावरून वादळ उठले.

ही चोरी थांबण्यामागे पहाऱ्याइतकाच बाजाराचाही हात होता. लागवडीतली झाडे लवकर फळली, रोपवाटिकांत लाखोंनी रोपे तयार झाली आणि भाव कोसळले. आज हे रोप इथल्या साध्या नर्सरीतही मिळते. पण प्रत्येक पामची गोष्ट अशी सुखान्त नसते. संथ वाढणाऱ्या आणि उशिरा फळणाऱ्या जातींत रोपवाटिकेला वाट पाहणे परवडत नाही. तिथे जंगलातूनच बिया किंवा वाढलेली झाडे उचलण्याचा मोह टिकून राहतो.

या बाबतीत सर्वांत नाजूक स्थिती मादागास्करची आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१२ मध्ये तिथल्या १९२ पाम जातींचा आढावा घेतला तेव्हा ८३ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. जंगलतोड हे त्याचे मुख्य कारण, पण बियांची उचल हाही एक भार. तीन बाजूंना पाने फुटणारा ट्रँगल पाम याच बेटावरचा. त्याचा समावेश वन्य जातींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. घराघरातला अरेका पामही मूळचा मादागास्करचाच. जगभर कुंड्यांमध्ये त्याची संख्या मोजता येणार नाही इतकी आहे, मायदेशी मात्र त्याची नोंद ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ या वर्गात होते.

मग बागांनी पामचे नुकसानच केले का?

तसे म्हणता येणार नाही. उलट काही जाती आज केवळ बागांमुळे जिवंत आहेत. खालून फुगीर खोडाचा बॉटल पाम निसर्गात फक्त मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या छोट्या बेटावर आढळतो. माणसांनी तिथे सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी कोवळी रोपे खाऊन बेट उजाड केले आणि या पामची मोजकीच झाडे शिल्लक राहिली. १९७०च्या दशकात शेळ्या आणि १९८६ पर्यंत ससे हटवल्यावर तिथे रोपे पुन्हा तग धरू लागली. त्या मधल्या काळात ही जात जगभरच्या बागांमध्ये सुरक्षित होती. पण इथेही एक मेख आहे. बागेत बॉटल पाम आणि त्याचा भाऊबंद स्पिंडल पाम शेजारी लावले की त्यांचा संकर होतो. अशा बियांतून वाढलेले रोप दिसायला सुंदर असले, तरी मूळ जात जपण्याच्या कामाचे उरत नाही.

बंगालमधील ‘तालिएरा’ या पामचीही हीच कथा. निसर्गातून तो नाहीसा झाला. ढाका विद्यापीठाच्या आवारातील एका झाडाची ओळख २००१ मध्ये पटली. हा पाम आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. ते झाड २००८ मध्ये फुलले आणि त्याच्या बियांपासून रोपे तयार झाली. मादागास्करमध्ये २००८ मध्ये नव्याने नोंदवल्या गेलेल्या ‘ताहिना’ या भव्य पामबाबत तर सुरुवातीपासूनच वेगळा मार्ग धरला गेला. गावकऱ्यांच्या सहभागाने बिया गोळा केल्या, त्या जगभरच्या वनस्पती उद्यानांना आणि हौशी लोकांना अधिकृतपणे विकल्या आणि उत्पन्नातील वाटा गावाला दिला. चोरीपेक्षा संवर्धनात गावाचा फायदा आहे, हे त्यातून दिसले.

बाग वाईट किंवा चांगली नसते. बी कुठून आले आणि पुढे कुठे जाणार, यावर सारे ठरते.

छोट्या जागेत पामची खरी अडचण कोणती?

बहुतेक झाडे वाढली की छाटता येतात. पामला ती सोय नाही. एका खोडाच्या पामला शेंड्यात एकच वाढणारा कोंब असतो. तो कापला की झाड मेले. उंची कमी करण्याचा दुसरा मार्गच नाही. खोडाला जखम झाली तर आंब्या-जांभळासारखी ती भरून येत नाही, आयुष्यभर उघडी राहते आणि किडीला वाट देते. म्हणून तारा लपेटणे, खिळे ठोकणे, दिव्यांच्या माळा खोडात रुतवणे हे प्रकार पामला विशेष महागात पडतात. हिरव्या झावळ्या छाटून ‘नीटनेटका’ केलेला पामही कमजोर होतो, कारण झाडाचे अन्न त्याच झावळ्या बनवतात. वाळलेल्या तेवढ्याच काढाव्यात.

त्यामुळे पामबाबत विचारायचा पहिला प्रश्न हा की, तो वीस वर्षांनी केवढा असेल? कुंडीत गुडघ्याएवढा दिसणारा रॉयल पाम पुढे पाच-सहा मजल्यांची उंची गाठतो आणि त्याची जड झावळी खाली उभ्या गाडीवर पडते. श्रीताल किंवा ताली हा आपल्याच दक्षिण भारताचा पाम. त्याचे एक पान पाच मीटरपर्यंत रुंद होते. तीस ते ऐंशी वर्षांत कधीतरी एकदाच तो लाखो फुलांनी बहरतो आणि मग वाळतो. ब्राझीलमधील रिओ शहरात उद्यानरचनाकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी १९६०च्या दशकात लावलेले ताली २०२५ च्या अखेरीस पहिल्यांदा फुलले, तेव्हा ते पाहायला लोकांनी गर्दी केली. लावणारे मार्क्स १९९४ मध्येच निवर्तले होते. सार्वजनिक उद्यानात ही गोष्ट रम्य वाटते, पण दोन इमारतींमधल्या बोळात असे झाड वाळले तर ते उतरवायचे कसे, हा प्रश्न पुढच्या पिढीच्या गळ्यात पडतो.

दुसरा मुद्दा सावलीचा. पाम जागा व्यापतो, पण कडुनिंब किंवा करंज देतो तशी सावली देत नाही. पामसाठीच जगप्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील मायामी बीच शहराने वाढत्या उष्म्यामुळे आपल्या झाडांतील पामचा निम्म्याहून अधिक असलेला वाटा २०५० पर्यंत २५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे ठरवले आहे. पामचे शहरच पाम कमी करत असताना इथल्या रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि फाटकांवर त्यांची रांग लागावी, यात विसंगती आहे.

अरेकाने घरातली हवा शुद्ध होते का?

अनेकांची खरेदी याच समजुतीवर होते. त्याचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ मधील प्रयोगांत आहे. ते प्रयोग बंद, लहान पेटीत झाले होते. खोलीत मात्र दारे-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या अभ्यासाने दाखवले, की नेहमीच्या हवाबदलाइतका परिणाम साधायचा तर प्रत्येक चौरस मीटर जागेत दहा ते हजार झाडे ठेवावी लागतील. म्हणजे खिडकी उघडणे स्वस्त पडेल. अरेका जरूर ठेवावा, पण तो डोळ्यांच्या सुखासाठी.

आपल्याकडे कोणते पाम शोभतील?

आधी नावांचा घोळ सोडवायला हवा. नर्सरीत ‘सागो पाम’ म्हणून मिळणारा सायकस, पंख्यासारखा ‘ट्रॅव्हलर्स पाम’ आणि बुंध्याशी फुगलेला ‘पोनीटेल पाम’ हे तिन्ही पाम नाहीतच. त्यात सायकस विषारी असतो. त्याच्या बिया लहान मुले आणि पाळीव कुत्री यांच्या तोंडी लागू नयेत याची दक्षता घ्यावी.

कुंडी किंवा छोट्या अंगणासाठी रॅपिस म्हणजे लेडी पाम, मेक्सिकोकडचा पार्लर पाम, लहान चणीचा पिग्मी खजूर हे आटोक्यात राहणारे प्रकार आहेत. चुणीदार गोल पानांचा लिक्युआला सावलीत आणि दमट हवेत खुलतो. रॅपिस आणि अरेका हे बेटाने वाढणारे असल्याने त्यांचे जास्तीचे कोंब काढून आकार राखता येतो. पानांची टोके करपली तर बहुधा बोअरच्या पाण्यातील क्षार किंवा कोरडी हवा कारणीभूत असते. खताचा मारा हा त्यावरचा उपाय नाही.

‘वेगळे काही’ हवे असणाऱ्यांनी घराजवळही पाहायला हरकत नाही. थोडी मोकळी जागा असेल तर माशाच्या शेपटीसारख्या पानांचा भेरली माड हा सह्याद्रीचा स्वतःचा पाम आहे. त्याची फळे उदमांजरे आवडीने खातात. मात्र फळांच्या गराने माणसाच्या अंगाला खाज सुटते आणि फुलोरा शेंड्याकडून खाली येत संपला की झाड वाळते, हे माहीत असावे. शिंदी, ताड, वेत हेही इथलेच. हिमालयात कुमाऊंमधील पिथौरागडजवळच्या थलकेदार भागात तर तिचिनोच्या पामचा भारतीय भाऊ, ‘ट्रॅकिकार्पस टाकिल’, निसर्गात तग धरून आहे. जगभरचे संग्राहक त्याच्या मागे असतात, आपल्या देशात मात्र त्याचे नावही फारसे कुणी ऐकलेले नसते.

विकत घेण्याआधी काय तपासावे?

पहिले, झाडाचे पूर्ण नाव आणि पूर्ण वाढीची उंची. नर्सरीवाल्याला ती सांगता येत नसेल तर ते रोप जमिनीत लावू नये. दुसरे, रोप बियांपासून रोपवाटिकेत तयार झालेले आहे की कुठून तरी उपटून आणलेले, हे विचारावे. मोठे वाढलेले आणि जंगलातून काढल्यासारखे दिसणारे झाड टाळलेले बरे. तिसरे, खोडावर छिद्रे, तपकिरी चिकट स्राव, चावून बाहेर टाकलेला भुसा किंवा शेंड्याची मलूल पाने दिसली तर ते रोप घरी आणू नये. आधीच लावलेल्या पामवर ही चिन्हे दिसली तर रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र किंवा जवळच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा. चौथे, परदेशातून ऑनलाइन बिया मागवणे ही किरकोळ बाब नाही. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते.

पाचवे, फळे धरू लागलेल्या परक्या पामचे घोस पिकण्याआधी काढून टाकावेत. तिचिनोतील बागमालकांनाही हाच सल्ला दिला जातो आणि त्याला कोयत्यापलीकडे काही लागत नाही. डोंगराच्या, राखीव जंगलाच्या किंवा ओढ्याच्या कडेला घर असलेल्यांनी तर हे अगत्याने करावे. आणि झाड लावण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांचे संरक्षण करणारा १९७५ चा कायदा आहे. अंगणात लावलेले झाड पुढे अडचणीचे ठरले म्हणून मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही, त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लावताना कुणी विचारत नाही, काढताना मात्र अर्ज करावा लागतो. तेव्हा विचार लावतानाच केलेला बरा.